बावीस इंची हर्क्युलिस

हल्ली सायकलीच्या दुकानात गेले की पोरगा पहिल्यांदा विचारतो, "कुठली पाहिजे काका? डोंगरातली, रेसची का हायब्रिड?" गेल्या दिवाळीत नातवासाठी सायकल बघायला गेलो तेव्हा मलाही हाच प्रश्न आला. मी म्हटले, "बाबा रे, सायकल पाहिजे. शाळेला जाणारी, दळण आणणारी, पावसात भिजणारी आणि मागे बहिणीला बसवून घेणारी." पोरगा हसला. म्हणाला, "तसली आता खेड्यावरच जाते काका. वर माळ्यावर एखादी असेल."

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. सायकल म्हणजे काळी, पोलादी, दांडीची सायकल. बेळगावात असो, इंदुरात असो नाहीतर ग्वाल्हेरीत, रंग एकच, घाट एकच. हर्क्युलिस, रॅले, हिंद, अ‍ॅटलस, हिरो, एव्हन अशी नावे वेगवेगळी असत आणि त्यावरून माणसे पानपट्टीवर तासन् तास भांडत. पण रात्री दिव्याखाली चार सायकली शेजारी शेजारी लावल्या, तर मालकालाही घंटी वाजवून बघितल्याशिवाय आपली कुठली ते कळत नसे.

आमच्या घरी हर्क्युलिस आली १९६४ साली. मी पाच वर्षांचा होतो. अप्पा शहापुरात हातमागावर साड्या विणत. शहापूर म्हणजे पूर्वीचे सांगली संस्थानातले गाव, बेळगावला लागून असले तरी कारभार वेगळा, आणि विणकरांची वस्ती जुनी. अप्पांनी दोन वर्षे भिशी लावून सव्वादोनशे रुपये जमवले होते. हर्क्युलिस मद्रासजवळ अंबत्तूरला तयार व्हायची. टी. आय. सायकल्सचा तो कारखाना १९४९ साली निघालेला. रॅले असनसोलची, हिंद मुंबईची, बाकीच्या पंजाब-हरियाणातल्या. अप्पा म्हणायचे, "दक्षिणेची सायकल घेतली, दक्षिणेच्या पावसाची तिला सवय असंल." यात शास्त्र काही नव्हते, पण दुकानदाराने मान डोलावली.

बावीस इंची फ्रेम, अठ्ठावीसची चाके. म्हणजे चाकाचा व्यास अठ्ठावीस इंच, टायर दीड इंच जाड. चोवीस इंची फ्रेम उंच माणसांची. अप्पा बेताच्या उंचीचे, त्यांना बावीस पुरे. मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस. ओझे मागे पडते म्हणून तिथे आठ जास्त. नळ्या एकमेकींना सांध्यात बसवून पितळेच्या डाकाने जोडलेल्या. ब्रेकला वायर नाही, लोखंडी सळ्या. मूठ दाबली की सळी वर ओढली जाते आणि रबराचे ठोकळे रिमला आतल्या बाजूने घासतात. पावसात हे ब्रेक बेताचेच लागत, हे इथे सांगून टाकतो. जुन्या वस्तूंची आरती करणारे लोक हा भाग नेहमी गाळतात. कपिलेश्वराच्या उतारावर आषाढात आम्ही दोन्ही ब्रेक दाबून, शिवाय चपला रस्त्याला घासत उतरत असू.

वजन वीस-बावीस किलो. पुढे ४४ दाते, मागे १८. मी मोजलेत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला साडेपाच मीटरच्या आसपास रस्ता मागे पडतो. गिअर एकच, तो मालकाच्या पिंढऱ्यांत. चढ आला की उठून मारायची, तरी नाही जमले तर उतरून ढकलायची, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. हँडल उंच, बसण्याची ढब ताठ, पुढचा फोर्क चांगला तिरका आणि दोन चाकांतले अंतर मोठे. त्यामुळे वळायला सुस्त, पण मागे कितीही लादा, ती डगमगत नाही आणि खड्ड्यात गेली तर धक्का पाठीपर्यंत येता येता निम्मा होतो. त्या वेळच्या रस्त्यांना, आणि खरे सांगायचे तर आजच्याही, हीच रचना सोयीची.

नवी सायकल आणली त्या दिवशी आईने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवले, हँडलला झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी नगरपालिकेत कर भरून बिल्ला आणला. तो बिल्ला नसला की शिपाई अडवायचा, रात्री दिवा नसला तरी अडवायचा आणि डबलसीट दिसली की तर हमखास. आजच्या पोरांना सायकलीला दंड होता हे सांगितले तर खोटे वाटते.

ही सायकल आमच्या घरात काय काय झाली त्याची यादी करत नाही, पण १९६७ च्या जुलैतली एक रात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आईचे दिवस भरत आले होते. रात्री अकराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. पाऊस असा की समोरच्या घराचा दिवा दिसेना. अप्पा टांगेवाल्याकडे धावत गेले; त्याचा घोडा आजारी. दुसरा दार उघडेना. मग अप्पांनी कॅरिअरवर गोधडीची घडी बांधली, आईला आडवे बसवले, वरून घोंगड्याची खोळ घातली आणि सायकल हाताने ढकलत निघाले. चालवली नाही. एक हात हँडलला, एक हात आईच्या पाठीला. अकरा वर्षांची अक्का मागे कंदील घेऊन. मला शेजारच्या काकूंकडे ठेवले होते, त्यामुळे हे सगळे मी अक्काच्या तोंडून ऐकलेले आहे. रेल्वे गेट बंद होते. मालगाडीचे शंटिंग चालले होते, गेटवाला म्हणाला, अर्धा तास तरी लागेल. आईला उतरवता येईना, कारण खाली पाणी. अप्पांनी सायकल मागच्या स्टँडवर लावली आणि तो अर्धा तास ते हँडल घट्ट धरून उभे राहिले. अक्का सांगते, "आई कळ आली की सीटची मागची स्प्रिंग मुठीत धरायची. सायकल हलली न्हाई." पहाटे धाकट्याचा जन्म झाला. दोघेही सुखरूप.

हातमागाचे दिवस भरतच आले होते. शहापूर-वडगावात यंत्रमाग वाढले, हाताच्या साडीला भाव उरला नाही. १९७२ साली अप्पांनी माग बंद केला. आमच्या घरातला तो खटखट आवाज थांबला, त्या रात्री मला झोप आली नव्हती. शांततेने जाग आली म्हणायचे. दोन महिने ते नुसते बसून होते. मग एक दिवस यंत्रमागवाल्याकडून उधारीवर तीस साड्या घेतल्या, धोतराच्या गाठोड्यात बांधल्या, कॅरिअरवर ट्यूबच्या रबराने आवळल्या आणि यळ्ळूरच्या रस्त्याला लागले.

पुढची वीस वर्षे आमचे घर त्या कॅरिअरवर चालले. एक दिवस यळ्ळूर, एक दिवस धामणे, एक दिवस देसूर, कधी किणये, बेळगुंदी. गाठोडे पंधरा-वीस किलोंचे. गिऱ्हाईक सगळे बायकांचे, आणि पैसे सुगीला. त्यामुळे येताना सायकल हलकी व्हायची ती उलट जड होऊन यायची. कोणी पैशाऐवजी तांदूळ द्यायचे, कोणी रताळी, कोणी शेंगा. अर्धे पोते तांदूळ मागे, हँडलला दोन पिशव्या आणि मधल्या दांडीवर शेणी, असे अप्पा कितीदा संध्याकाळी आलेले मी पाहिलेत. पावसाळ्यात शेतवाटेचा चिखल मडगार्डमध्ये बसून चाक जाम व्हायचे. त्यासाठी दांडीला एक बांबूची काठी कायम बांधलेली असे. चाळीस पावले जायचे, चिखल काढायचा, पुन्हा चाळीस पावले. एवढे करून घरी आल्यावर आधी सायकल पुसायची, मग पाय धुवायचे. आई चिडायची. अप्पा म्हणायचे, "पाय माझे हाईत, कुठं जात न्हाईत. तिला गंज चढला तर उद्या गिऱ्हाईक तुझ्या दारात येनार हाय काय?"

अक्का सायकल शिकली ती १९६८ साली, म्हणजे माग चालू असताना. अप्पांचा माग वडगावच्या बाजूला मालकाच्या कारखान्यात होता, दुपारचा डबा पोचवायचा असे. दांडीच्या सायकलीवर बारा वर्षांच्या पोरीचा पाय कसा पोचणार? मग हाफ पायडल. दांडीच्या खालून एक पाय पलीकडे घालायचा, एका हाताने हँडल, दुसरा हात सीटवर किंवा बगलेत, शरीर तिरके, सायकल तिरकी, आणि पायडल पुरे न फिरवता अर्धे अर्धे मारत जायचे. वाचकहो, तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या निम्म्या लोकांच्या गुडघ्यावर त्याची खूण असेल. अक्का परकर खोचून अशी निघाली की गल्लीतले दोन म्हातारे ओट्यावरून टोकायचे. एकाने अप्पांना सांगितले, "पोरीच्या जातीला हे बरं न्हवं." अप्पांनी विचार करून उत्तर दिले, "डबा गरम पोचतोय." यावर त्या गृहस्थांना पुढे काही बोलता आले नाही. अक्का पुढे शिक्षिका झाली आणि बस चुकली की त्याच सायकलीने शाळेला गेली. साडी नेसून दांडीवर टांग टाकायची नाही, तर दगडावर किंवा कट्ट्यावर उभी राहून बसायचे, हे तंत्र तिने स्वतः काढले होते. उतरायला मात्र रोज एकच ठरलेला कट्टा लागे.

मी स्वतः शिकलो भाड्याच्या सायकलीवर. तासाला पंचवीस पैसे, घड्याळ दुकानदाराचे, आणि ते नेहमी पुढेच असे. अप्पांची सायकल मला हात लावायला मिळाली ती मॅट्रिक झाल्यावर.

या सायकलीचे इतके मालक मला भेटले आहेत की प्रत्येकाने तिचे वेगळेच यंत्र केलेले दिसले. दूधवाले मागे दोन्ही बाजूंना कॅन अडकवून उचगाव, बेळगुंदीहून पहाटे शहरात उतरायचे. त्यांच्या कॅरिअरला लोहाराकडून जादा आकडे लावून घेतलेले. धार लावणारा सायकल स्टँडवर चढवायचा, मागच्या चाकावरून पट्टा पुढच्या सहाणेवर घ्यायचा आणि सीटवर बसून पायडल मारायचा. ठिणग्या उडायला लागल्या की आम्ही पोरे जमायचो. सायकल एक इंचही पुढे न जाता त्या माणसाचे पोट भरायची. माझी मुलगी मडगावला दिलेली आहे, तिच्याकडे गेलो की सकाळी भोंग्याचा 'पों पों' आवाज येतो. तो पोदेर. मागे भली मोठी टोपली, वरून प्लॅस्टिकचे कापड, आत पोई आणि उंडे. आता पुष्कळ पोदेर स्कूटरवर दिसतात, पण तिच्या वाड्यावरचा अजून सायकलवर येतो. मी त्याला विचारले, तर म्हणाला, स्कूटर दर घराशी बंद-चालू केली तर परवडत नाही. फार अक्कलेचे बोलला. आणि भारताच्या अवकाश संशोधनाची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक आहे. केरळात थुंब्याहून १९६३ च्या नोव्हेंबरात पहिले रॉकेट उडाले. पुढे १९६६ साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने तिथेच एक फोटो काढला. त्यात रॉकेटचे टोक सायकलीच्या कॅरिअरवर ठेवून दोघे जण चालले आहेत. अप्पांना मी तो फोटो दाखवला होता. त्यांनी रॉकेटकडे पाहिले नाही. म्हणाले, "दोरी सैल बांधलीया."

ही सायकल सगळ्यांना पुरून उरली याचे कारण तिचा मिस्त्री कुठेही भेटतो. कंपनी कुठलीही असो, या काळ्या सायकलींचे बहुतेक सामान एकमेकींना बसते. चेन, फ्री व्हील, छर्रे, कॉटर पिन, ब्रेकचे रबर, सगळे. विलायती सायकलीचे माप पूर्वी ठरले ते ठरले, इथल्या कारखान्यांनी ते बदलले नाही, हे आपले भाग्य. आमचा मिस्त्री गणपत गल्लीच्या तोंडाला बसायचा. त्याच्याकडे हत्यारे किती? दोन पाने, एक हातोडी, कानस, स्क्रू ड्रायव्हर आणि पाण्याची परात. वर्षातून एकदा 'ओव्हरऑइलिंग' करायचे. खरा शब्द ओव्हरहॉलिंग, हे मला हायस्कुलात नोकरीला लागल्यावर कळले. पण मिस्त्रीचा शब्द मला जास्त बरोबर वाटतो, कारण तो सगळे सुटे करून रॉकेलमध्ये धुवायचा आणि मग तेलच तेल घालायचा. चाक उलटे टांगून, तारा एक एक करून पिळत, चाकाचा आऊट काढताना त्याचा चेहरा तंबोरा जुळवणाऱ्या गवयासारखा दिसे. तार बोटाने वाजवून बघायचा सुद्धा.

आणि पोलाद. पोलाद तुटण्याआधी वाकते, म्हणजे ते मालकाला आधी कळवते. १९८१ साली अप्पांना बेळगुंदीच्या वाटेवर बैलगाडीने धडक दिली, पुढचा फोर्क मागे गेला. माणूस वाचला. मिस्त्रीने फोर्क काढला, दोन दगडांत अडकवला, पाइप घालून सरळ केला. तो आजही तोच आहे. मागे कॅरिअरच्या पट्टीला तडा गेला तेव्हा गेट-ग्रिल करणाऱ्याने दोन मिनिटांत वेल्डिंग मारून दिले, पैसेही घेतले नाहीत. नातवाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीला गेल्या वर्षी असाच तडा गेला; तीन दुकाने फिरलो, सगळ्यांनी सांगितले, फ्रेमच बदला. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे जोडकाम सगळ्यांना येत नाही आणि केले तरी भरवसा नाही. पण वस्तू दुरुस्त होत नसेल, तर ती आपली किती आणि दुकानाची किती, हा प्रश्न पडतोच.

माझा भाचा, म्हणजे अक्काचा थोरला, कॅलिफोर्नियात असतो. त्याने २०११ साली एक सायकल घेतली, सर्ली कंपनीची क्रॉस-चेक. मला फोन करून मोठ्या उत्साहाने सांगू लागला, "मामा, स्टीलची आहे! मागे कॅरिअर लागतं, मडगार्ड लागतात, जाड टायर बसतात. ऑफिसला नेतो, भाजी आणतो, सुट्टीत तंबू बांधून कॅम्पिंगला जातो. एकच सायकल सगळ्याला." मी म्हटले, "बाळा, तू हर्क्युलिस घेतलीस." तो हसत सुटला. पुढे तो आला तेव्हा त्याने मला सगळे समजावून सांगितले, आणि ते खरोखर ऐकण्यासारखे होते. त्या सायकलीला गिअर लावा नाहीतर एकच दातेचक्र ठेवा, दोन्ही जमते, कारण मागचे चाक खाचेत पुढे-मागे सरकवून चेन ताणता येते. आपल्या काळ्या सायकलीतही हीच युक्ती आहे. मागच्या फोर्कमधली जागा त्यांनी १३२.५ मिलिमीटर ठेवली आहे. म्हणजे १३० मापाचेही चाक बसते आणि १३५ चेही, पोलाद तेवढे ताणून घेते. हे ऐकून मला आमच्या मिस्त्रीची आठवण झाली. चाक बसेना तर तो फोर्क दोन हातांनी फाकवून म्हणायचा, "बस की गं बाई." त्याला मिलिमीटर माहीत नव्हते. भाच्याच्या सायकलीचे वजन आपल्या सायकलीच्या निम्म्याच्या थोडे वर, ब्रेक उत्तम, आणि किमतीत इथे एक म्हैस यावी. तरी तिचे मालक ज्या गोष्टींसाठी तिचे गुण गातात, ओझे, दुरुस्ती, खराब रस्ता, एकीतच सगळे, त्या गोष्टी यळ्ळूरच्या बायकांना १९७२ सालीच ठाऊक होत्या.

इकडे मात्र काळी सायकल हळूहळू मागे पडली. लूना १९७२ सालीच बाजारात आली होती. पण आमच्या भागात खरी पाळी आली ती नव्वदीनंतर, हप्त्यावर मोटारसायकली मिळू लागल्या तेव्हा. मधे २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या मुला-मुलींना सायकली वाटल्या, तेव्हा खेड्यांच्या रस्त्यांवर मुलींचे थवेच्या थवे सायकलींवर दिसायला लागले. अक्का तेव्हा निवृत्तीला आली होती. शाळेच्या फाटकात उभी राहून बघत बसायची. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो २०२० च्या ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. त्या टाळेबंदीच्या दिवसांत लोक दुकानांपुढे नव्या सायकलींसाठी रांगा लावत होते आणि तिकडे हे.

अप्पा १९९८ साली गेले. शेवटची तीन-चार वर्षे ते सायकल चालवत नव्हते, पण हातात धरून बाजाराला जात. काठीऐवजी सायकल. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली, तर म्हणाले, "काठीला पिशवी अडकवता येत न्हाई." त्यांच्यामागे मी ती वापरत राहिलो. हायस्कुलात जायला, दळणाला, गॅसची टाकी आणायला.

आता जरा अवघड भाग. गेल्या वर्षी शहापुरातले घर विकायचे ठरले. आम्ही तिघे, तिघांचे संसार वेगळे, घराची भिंत खचलेली. विकणे योग्यच होते. भांडी, पाट, आईची पेटी, सगळे बिनबोभाट वाटले गेले. राहिली सायकल. धाकट्याच्या ओळखीच्या एका माणसाने गोव्याच्या रस्त्यावर हॉटेल काढले आहे. जुन्या वस्तू लावून सजवतात तसले. त्याने सायकलीचे नऊ हजार देऊ केले. दर्शनी भिंतीवर टांगणार, पिवळा रंग देणार, कॅरिअरवर फुलांची कुंडी ठेवणार. धाकट्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तो म्हणाला, "दादा, तुझे गुडघे गेले. अक्का सत्तरीच्या उंबऱ्यावर. आमच्या पोरांना ती चालवता येत नाही. भंगारात गेली तर किलोच्या भावानं जाईल. तिथं निदान हजारो लोक बघतील."

मला त्यात तथ्य वाटत होते. अक्का इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भिंतीला फोटो टांगतात. गेलेल्या माणसाचा. ती चालतीया अजून."

धाकटा तडकला. "तुम्ही मला ती रात्र ऐकवणार. लहानपणापासून ऐकतोय. प्रत्येक भांडणात ती गाडी, तो पाऊस, ते गेट. मी काय मागून जन्मलो होतो?"

खरे सांगतो, अक्काने त्या दिवशी त्या रात्रीचे नावही काढले नव्हते. पण तो बोलला त्यात त्याचे दुःख होते. घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ आहे, आणि ती ज्याची आहे त्यालाच आठवत नाही, ही परिस्थिती सोपी नसते. मी हे आधी कधी त्याच्या बाजूने पाहिले नव्हते, आणि त्या क्षणी बोलायला मला काही सुचले नाही. तो उठून गेला. नऊ हजारांतला त्याचा तिसरा हिस्सा म्हणून मी तीन हजार त्याच्या बायकोच्या हाती दिले. तिने घेतले, पण चहाला थांब म्हणाली नाही.

सायकल सध्या आमच्या वाड्याशेजारच्या एका तरुणाकडे आहे. यंत्रमागावर काम करायचा, माग बंद पडला. मोटारसायकल हप्ता थकला म्हणून ओढून नेली. आता पहाटे पेपर टाकतो आणि दुपारी एका खाणावळीचे डबे पोचवतो. त्याने मला भाडे विचारले. मी म्हटले, भाडे नको, दर रविवारी पुसून आणून दाखवायची. पहिल्या रविवारी त्याने आणली ती नुसती पुसलेली नव्हती, हबला रंगीत गोंडे लावून आणली होती. अक्काला ते फार आवडले, मला नाही. पण सायकल आता त्याच्या पायाखाली आहे, गोंडे त्याचे. त्याने पुढच्या दांडीवर डब्यांसाठी लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली आहे. एका खेपेला अठरा डबे जातात म्हणतो.

धाकट्याचा फोन अजून येत नाही. गणपतीला मात्र त्याचा मुलगा आला होता, कॉलेजला आहे. अंगणात सायकल लावलेली होती, रविवार होता. तो बराच वेळ तिच्याभोवती फिरला, सीटची मागची स्प्रिंग दाबून बघितली आणि अक्काला विचारले, "आत्या, हीच का ती?" अक्काने मान हलवली. त्याने फोनवर एक फोटो काढला. कुणाला पाठवला ते आम्ही विचारले नाही.

मागच्या महिन्यात मागची रिम गेली. आतून गंज लागून तारांच्या भोकांपाशी फुटत आली होती. साठ वर्षे म्हणजे काही कमी नाहीत. गणपत गल्लीतला मिस्त्री आता नाही, तिथे मोबाईलचे दुकान आहे. चाळीस भोकांची अठ्ठावीसची रिम तीन दुकानांत मिळाली नाही. शेवटी खडेबाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मिळाली. वर माळ्यावर, तेलकट कागदात गुंडाळलेली. दोनच शिल्लक होत्या. मी दोन्ही घेतल्या.